कोर्टाच्या नाटकाला कात्री लावण्याआधी

आमच्या मंडळाने काही वर्षांपूर्वी एक कोर्टाचं नाटक बसवलं होतं. पहिल्या अंकात गिरणीवाल्याची साक्ष. सरकारी वकील विचारतात, ‘त्या वेळी तुम्ही काय करत होता?’ तो सांगतो, ‘दळण चालू होतं. ज्वारीचं.’ तालमीत हे वाक्य रटाळ वाटलं, म्हणून दिग्दर्शकाने, म्हणजे मीच, ते उडवलं. प्रयोगात दुसऱ्या अंकात बचावाचा वकील उभा राहिला आणि हमखास टाळीचं वाक्य त्याने फेकलं : ‘त्या रात्री गावात वीजच नव्हती!’ प्रेक्षागृह ढिम्म. वीज नव्हती, बरं मग? गिरणी चालू होती हे कुणी ऐकलेलंच नव्हतं. पुढचा सगळा अंक आम्ही घाम पुसत ओढला.

कौटुंबिक नाटकात एखादा प्रसंग वगळला तर फार तर रंगत कमी होते. कोर्टाच्या नाटकात तिसऱ्या पानावरचं वाक्य साठाव्या पानावरच्या निकालाला टेकू देऊन उभं असतं. तरीही बहुतेक हौशी मंडळी उलट्या क्रमाने जातात. आधी संवाद कापतात, मग पात्रं कमी करतात, शेवटी कुणीतरी विचारतं की आरोपी सुटला कशामुळे. खालचा क्रम त्याच्या बरोबर उलटा आहे. टप्पे मागेपुढे करू नका.

## टप्पा १ : परवानगी, आणि तीही लेखी

‘आपण हौशी आहोत, आपल्याला परवानगी लागत नाही’ हा समज सर्वदूर आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाला सवलत आहे, पण ती तिकीट न लावता केलेल्या प्रयोगापुरती, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगापुरती. शिवाय ती सवलत प्रयोग करण्याची आहे. नाटकाचं रूपांतर करणं हा लेखकाचा वेगळा हक्क आहे, आणि आपल्या कृतीची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कलम ५७ ने लेखकाला दिलेला आहे. संहितेत हात घालायचा असेल तर विचारायलाच हवं.

मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, आणि ती मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. लेखक १९७० साली गेला असेल तर हक्क २०३० अखेरपर्यंत वारसांकडे. अनुवादित नाटक असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक यांचा हिशेब वेगवेगळा. मूळ लेखकाला जाऊन शंभर वर्षं झाली म्हणून निश्चिंत राहिलेली मंडळं अनुवादकाच्या मुलाच्या पत्राने जागी होतात.

पत्रात ‘किरकोळ बदल’ असं लिहू नका. किती प्रयोग, कुठे, तिकीट आहे की नाही, किती वेळाची रंगावृत्ती (म्हणजे प्रयोगासाठी कापून-बदलून केलेली संहिता), कोणतं पात्र वगळणार, कोणत्या पुरुषपात्राची बाई करणार, शेवट बदलणार का, हे सगळं मुद्देवार लिहा. लेखक बहुतेकदा होकार देतात. न सांगता बदललेला शेवट मात्र कुणालाच खपत नाही.

तपासा : उत्तर लेखी आहे का? फोनवर ‘करा की’ म्हणाले, ही परवानगी नव्हे.

## टप्पा २ : खटला कशाचा आहे, ते एका वाक्यात

सगळ्यांनी संहिता एकदा वाचावी आणि एकमेकांना न दाखवता प्रत्येकाने एक वाक्य लिहावं : ‘या नाटकात कोर्टाला ठरवायचं आहे की…’ मग कागद उघडा. आठ जणांची सहा निरनिराळी वाक्यं आली तर कात्री बाजूला ठेवा.

वाक्य हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असंच हवं. ‘समाजाचा दांभिकपणा’ हा कोर्टापुढचा मुद्दा होऊ शकत नाही. तो नाटकाचा विषय असेल. कोर्टापुढचा मुद्दा असा असतो : ‘आठ तारखेला रात्री नऊ वाजता आरोपी विहिरीजवळ होता का?’ विषय आणि मुद्दा वेगवेगळ्या ओळींत लिहा. पुढे एखादं वाक्य ठेवायचं की काढायचं यावर भांडण झालं, आणि ते होणारच, की याच दोन ओळींकडे बोट दाखवायचं. दोन्हींपैकी एकीलाही जे वाक्य हात लावत नाही, ते जाऊ शकतं.

## टप्पा ३ : साक्षींची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक साक्षीदाराला दोन समोरासमोरची पानं. डाव्या पानावर चार गोष्टी : त्याने स्वतः काय पाहिलं, दुसऱ्याकडून काय ऐकलं, कोणती वस्तू किंवा कागद त्याच्यामुळे कोर्टात आला, आणि तो काय लपवतो आहे. उजव्या पानावर यातली प्रत्येक गोष्ट कोणत्या पानावर पहिल्यांदा येते आणि पुढे कुठे वापरली जाते, ते.

आम्ही याला पेरणी आणि कापणी म्हणतो. मूळ संहितेच्या झेरॉक्सवर पेरणीच्या वाक्याखाली हिरवी रेघ, कापणीच्या वाक्याखाली लाल. जोडीला एकच आकडा द्यायचा. ‘दळण चालू होतं’ हिरवा ७, ‘वीजच नव्हती’ लाल ७. हिरव्या रेघा नेहमी कंटाळवाण्या वाक्यांखाली येतात. किती वाजले होते, पाऊस होता का, दार आत उघडतं की बाहेर, चष्मा लावता का. नट ही वाक्यं घाईत टाकून मोकळे होतात आणि दिग्दर्शक ती आधी कापतो. सगळ्या लाल वाक्यांवर मात्र नटाचा जीव असतो.

पाहिलेलं आणि ऐकलेलं हे दोन रकाने वेगळे ठेवण्याचं कारण कायद्यात आहे. साक्षीदाराने स्वतःच्या इंद्रियांनी जाणलेलंच सांगायचं असतं. ‘मला शेजारणीने सांगितलं’ हा ऐकीव पुरावा, आणि काही अपवाद सोडले तर तो टिकत नाही. पात्रं कमी करताना शेजारीण वगळून तिची माहिती दुसऱ्याच्या तोंडी घालण्याचा मोह होतो. तो रकाना तुम्हाला तिथेच अडवेल.

तपासा : हिरवा आकडा नसलेली लाल रेघ म्हणजे संहितेतच भोक आहे, ते मूळ लेखकाचंही असू शकतं. लाल नसलेली हिरवी रेघ म्हणजे बिनधोक कापता येणारं वाक्य.

सावध : वही एकानेच भरावी आणि दुसऱ्याने तपासावी. चौघांनी मिळून भरलेल्या वहीत आकडे जुळत नाहीत, हा आमचा दोनदाचा अनुभव.

## टप्पा ४ : गाव, साल, न्यायालय, कलम

आता पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा : घटना कोणत्या तारखेला घडली, खटला कधी चालू आहे, कोणत्या न्यायालयात, आणि कोणत्या कलमाखाली. मूळ संहितेत लिहिलेल्या नसल्या तरी तुम्ही ठरवा.

कलमांचा घोटाळा सध्या सगळीकडे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खून ३०२ चा १०३ झाला, खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९, हुंडाबळी ३०४-ब चा ८०, विवाहितेचा छळ ४९८-अ चा ८५, फसवणूक ४२० ची ३१८. म्हणून सरसकट आकडे बदलत सुटू नका. कलम ठरतं ते घटनेच्या तारखेवरून. घटना २०२३ सालची असेल तर खटला आज उभा राहिला तरी आरोप ३०२ चाच. जुनं नाटक जुन्या काळातच ठेवायचं असेल तर एकाही आकड्याला हात लावायची गरज नाही. आणि कोर्टात ३१८ झालं तरी नाटकातली म्हातारी ‘चारसोबीस मेला!’ असंच म्हणणार, तिला दुरुस्त करू नका. व्यभिचाराचं कलम ४९७ मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केलं. आजच्या काळातल्या नाटकात ते असेल तर नाटकाचा पायाच हलतो.

परदेशी नाटकाचं रूपांतर असेल तर ज्युरीचं, म्हणजे निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाचं, काय करणार, ते इथेच ठरवा. आपल्याकडे फौजदारी खटल्यात ज्युरी नाही. १९५९ च्या मुंबईतल्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीला निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. (पारशी वैवाहिक दाव्यांत अजून प्रतिनिधी बसतात, पण तुमचं नाटक तिथलं असण्याची शक्यता कमी.) म्हणजे वाटा तीन : नाटक त्याच्या मूळ देशात ठेवा, त्या काळच्या मुंबईत आणा, किंवा ज्युरी काढून निर्णय एकट्या न्यायाधीशाकडे द्या. तिसरी वाट घेतली तर वकिलांची भाषणं मुळातून बदलतात. बारा सामान्य माणसांना हेलावणारं भाषण रोज असे चार युक्तिवाद ऐकणाऱ्या माणसापुढे पोकळ वाटतं.

सिनेमातून आलेल्या पुढच्या गोष्टीही याच टप्प्यात काढून टाका.

हातोडा. आपले न्यायाधीश तो आपटत नाहीत. शांतता हवी असेल तर ते नुसते बघतात, नटाला एवढं पुरेसं आहे.

गीतेवर हात. शपथ तोंडी असते : ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’, पुढे खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. देव न मानणाऱ्या पात्राच्या तोंडी प्रतिज्ञा घातली की त्याची ओळख एका शब्दात होते.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब. ‘त्याने चौकीत कबूल केलंय, साहेब!’ यावर अंकाचा पडदा पाडणारी संहिता असेल तर सावध व्हा. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीने दाखवून दिलेली, पंचांसमोर काढलेली वस्तू चालू शकते. कोयता उसातून काढून देणं हे कबुलीपेक्षा रंगमंचावर जास्त दिसतंही.

धावत येणारा साक्षीदार. हा पूर्ण खोटा नाही. खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर साक्षीदाराला बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ३४८ मध्ये आहे, जुन्या संहितेत ३११ मध्ये होता. वकिलाने ‘अर्ज दिला आहे, साहेब’ म्हणायचं, समोरच्याने हरकत घ्यायची, न्यायाधीशांनी क्षणभर थांबून ‘मंजूर’ म्हणायचं. तीन वाक्यांत ताण वाढतो आणि प्रेक्षकांतला वकील हसत नाही.

लैंगिक अत्याचाराचा खटला असेल तर सुनावणी बंद दाराआड चालते. कोर्टात गर्दी, कुजबुज, गावकरी असं काही लिहिलेलं असेल तर ते बाहेरच्या व्हरांड्यात न्या. खऱ्या घटनेवर बेतलेलं असेल तर पीडितेची ओळख कळेल असं नाव, गाव, नातं काहीही ठेवू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

शब्दांचंही तसंच. ‘ऑब्जेक्शन सस्टेन्ड, मिलॉर्ड’ तालुक्याच्या कोर्टात कोणी म्हणत नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मराठी चालते, आणि तिथली मराठी नाटकाला फार उपयोगी आहे : सरतपास (वकिलाने आपल्याच साक्षीदाराला विचारलेले प्रश्न), उलटतपास (समोरच्या वकिलाने विचारलेले), फेरतपास, फिर्यादी, मुद्देमाल, पंचनामा, निशाणी (दाखल झालेल्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक), फितूर साक्षीदार. वकील न्यायाधीशांना साहेब, मॅडम किंवा ‘मे. (मेहेरबान) कोर्ट’ म्हणतात, एकमेकांना ‘माझे विद्वान मित्र’, आणि ते बहुधा दात खाऊन. साक्षीदाराला आणि आरोपीलासुद्धा ‘तुम्ही’. जुन्या संहितांत वकील गड्याला ‘तू’ म्हणताना दिसतो. ते ठेवायचं तर न्यायाधीशांनी एकदा टोकायला हवं. गाऊन उच्च न्यायालयात सक्तीचा, खाली ऐच्छिक, त्यामुळे दोन गाऊन भाड्याने आणायचा खर्च वाचू शकतो.

सावध : यातली प्रत्येक चूक सुधारलीच पाहिजे असं नाही. वकील पिंजऱ्याभोवती फिरत नाहीत, जागेवरून प्रश्न विचारतात. पण रंगमंचावर तुम्हाला हालचाल लागेल तेव्हा फिरवा. जाणूनबुजून घेतलेली सूट आणि माहीतच नसणं, यांतला फरक प्रेक्षकाला कळतो.

## टप्पा ५ : पात्रं कमी करणं

पंधरा पात्रांचं नाटक, हाताशी नऊ माणसं, त्यातली पाच मुली. ही नेहमीचीच परिस्थिती.

वहीतले ‘पाहिलं’चे रकाने समोर ठेवा. एकाच जागी, एकाच वेळी असलेले दोन साक्षीदार एकत्र करता येतात. वेगळ्या वेळी असलेले करू नका, कारण त्याला तिथे तीन तास उभं करायचं तर कारण शोधावं लागेल. फिर्यादी आणि पंच कधीच एक करू नका. पंच त्रयस्थ हवा. तपास अधिकारी आणि डॉक्टर यांनाही जोडता येत नाही.

ज्या साक्षीदाराचं काम फक्त एखादा कागद हजर करणं आहे, तो सगळ्यात आधी जाऊ शकतो. आमच्या नाटकात वीज कंपनीचा एक अधिकारी येऊन फक्त पत्र दाखवून जात असे. त्याऐवजी बचावाचा वकील म्हणतो, ‘हा दस्तऐवज सरकार पक्षाला मान्य आहे.’ सरकारी वकील मान डोलावतात, न्यायाधीश म्हणतात, ‘निशाणी २३.’ समोरच्या पक्षाने मान्य केलेला दस्तऐवज औपचारिक शाबितीशिवाय वाचता येतो, तशी तरतूदच आहे. एक नट, एक एंट्री आणि चार मिनिटं वाचली.

पुरुषपात्राची बाई करताना फक्त तिचे संवाद बदलून थांबू नका. मराठीत ते पुरत नाही. ‘म्हणतो’चं ‘म्हणते’ सगळे करतात. पण दुसऱ्याच्या तोंडचं ‘ते वकील आले नाहीत’, ‘त्यांचा पक्षकार’, ‘विद्वान मित्र’ तसंच राहतं आणि नेमकं प्रयोगात कानाला टोचतं. त्या पात्राचा उल्लेख जिथे जिथे आहे तिथे वेगळ्या रंगाची खूण करूनच पुढे जा. प्रश्न विचारणारा वकील बाई झाला की साक्षीदाराचं वागणंही बदलेल. गिरणीवाला पुरुष वकिलाशी ज्या गुर्मीत बोलतो, तसा ‘मॅडम’शी बोलेल का? कदाचित जास्तच बोलेल. तिथे नवं काही सापडतं.

## टप्पा ६ : कात्री, या क्रमाने

आधी कोर्टाबाहेरचे प्रसंग : वकिलाच्या घरचा चहा, आरोपीच्या बायकोचं स्वगत. त्यात एकही हिरवी रेघ नसेल तर जाऊ द्या. नंतर एकच गोष्ट दोन साक्षीदार सांगत असतील तर त्यातली कमी रंगणारी साक्ष. मग शेवटचे युक्तिवाद, ते जवळजवळ नेहमीच निम्मे होऊ शकतात, कारण प्रेक्षकांनी पुरावा ऐकलेला असतो. साक्षींच्या आतली वाक्यं सगळ्यात शेवटी.

सरतपास आवळण्याची एक सोपी युक्ती न्यायाधीशाच्या हातात आहे. खऱ्या कोर्टात साक्ष बरेचदा न्यायाधीशच लघुलेखकाला सांगतात. साक्षीदार पाच वाक्यं रडून बोलतो, आणि न्यायाधीश कोरड्या आवाजात सांगतात, ‘लिहा : त्या दिवशी मी घरी होते.’ मूळ संहितेतलं दीड पान यात मावतं, आणि बाईचं रडणं त्या एका ओळीत कसं विरघळून गेलं ते न सांगता दिसतं. नाटकभर तीनदाच वापरा, चौथ्यांदा हसू येतं. न्यायाधीशाला केव्हाही, काहीही प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. तेव्हा दोन दृश्यं जोडणारा प्रश्न कुणाला द्यायचा हे कळेना झालं, तर त्यालाच द्या.

तपासा : प्रत्येक बैठकीनंतर वही उघडून लाल-हिरवे आकडे पुन्हा जुळवा. कापलेलं वाक्य हिरवं असेल तर त्याच दिवशी त्याला दुसरी जागा शोधा. ‘तालमीत बघू’ म्हटलेलं वाक्य कधीच परत येत नाही.

## टप्पा ७ : उलटतपास नव्याने लिहिणं

कापून झाल्यावर उलटतपासाला ठिगळं दिसतात. तो पुन्हा लिहावाच लागतो. सरतपासात आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही, उलटतपासात येतो. हा एक नियम पाळला तरी दोन्हींची लय आपोआप वेगळी होते : सरतपासात प्रश्न छोटे, उत्तरं मोठी, उलटतपासात वकीलच बोलतो, साक्षीदार फक्त ‘हो’ म्हणत मागे सरकतो.

आमच्या पहिल्या खर्ड्यात असं होतं :

वकील : तुम्ही त्या रात्री खरोखर गिरणीत होतात का?
गिरणीवाला : होतो.
वकील : मग आरोपीला नेमकं कसं पाहिलंत, ते कोर्टाला सविस्तर सांगा.

इथे वकिलाने साक्षीदाराच्या हातात माइक दिला. पुढे अर्धं पान गिरणीवाला रंगवून सांगतो आणि वकील ऐकत उभा. पुनर्लेखनानंतर :

वकील : तुमची गिरणी विजेच्या मोटरवर चालते.
गिरणीवाला : हो.
वकील : डिझेल इंजिन नाही.
गिरणीवाला : होतं. चार वर्षं झाली विकून.
वकील : जनरेटर?
गिरणीवाला : दळणाच्या पैशात जनरेटर कुठला, साहेब.
वकील : आठ तारखेला रात्री नऊला दळण चालू होतं, असं मघाशी सांगितलंत.
गिरणीवाला : हो. ज्वारीचं.
वकील : मोटर चालू होती.
गिरणीवाला : त्याशिवाय पीठ कसं पडेल?
वकील : (कागद देत) निशाणी २३. दुसरी ओळ वाचा.
गिरणीवाला : (कागदाकडे पाहत राहतो) चष्मा नाही आणला.
वकील : मी वाचतो. ‘सायंकाळी ७ ते रात्री ११, वीजपुरवठा बंद.’ उलटतपास संपला.

क्रम पाहा. डिझेल आणि जनरेटर या दोन पळवाटा आधी बंद केल्या, तेही त्याला कळू न देता. त्यानंतर त्याचंच विधान त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. कागद सगळ्यात शेवटी. आधी कागद दाखवला असता तर तो हुशारीने म्हणाला असता, ‘नऊ नाही साहेब, सकाळची गोष्ट.’ चष्म्याचं वाक्य संहितेत नव्हतं. नट तालमीत खरोखरच चष्मा विसरला होता.

आणि शेवटी वकील गप्प बसतो. ‘म्हणजे तुम्ही धडधडीत खोटं बोलताय!’ हे वाक्य आमच्या नटाला फार हवं होतं. तो प्रश्न विचारला की साक्षीदाराला उत्तर द्यायची संधी मिळते, ‘खोटं नाही साहेब, तारीख चुकली असेल,’ आणि हातातलं निसटतं. ते वाक्य युक्तिवादासाठी राखून ठेवा. नट रुसेल. रुसू द्या.

सावध : आरोपीचा जबाब म्हणजे साक्ष नव्हे. पुराव्यातल्या मुद्द्यांवर न्यायाधीशच त्याला प्रश्न विचारतात आणि तो शपथेवर नसतो. त्याचा उलटतपास लिहायचा असेल तर तो स्वतःहून साक्षीदार म्हणून उभा राहतो असं एक वाक्य आधी हवं.

## टप्पा ८ : घड्याळ, आणि बाहेरचा कान

बैठं वाचन करा, मोबाइलवर वेळ लावा, प्रत्येक साक्षीची वेळ वेगळी टिपा. आमच्याकडे वाचनाच्या तासाला प्रयोगात आठ-दहा मिनिटं वाढतात, कारण कोर्टात लोक उठतात, बसतात, कागद देतात, पिंजऱ्यात चढतात. स्पर्धेचं नियमपत्रक काढून वेळेची मर्यादा पाहा आणि तुमची रंगावृत्ती तिच्यापेक्षा दहा मिनिटं आतच ठेवा.

मग दोन माणसांना बोलवा. एक, ज्याने संहिता वाचलेली नाही असा. वाचनानंतर त्याला फक्त इतकंच विचारा : आरोपी कशामुळे सुटला, किंवा अडकला? उत्तर वहीतल्या लाल रेघांशी जुळलं पाहिजे. ‘वकील चांगला होता म्हणून’ असं उत्तर आलं तर टप्पा ३ वर परत.

दुसरा माणूस वकील, शक्यतो तालुक्याच्या कोर्टात रोज उभा राहणारा. त्याला अख्खी संहिता देऊन ‘बघा जरा’ म्हटलंत तर तो एकतर वाचणार नाही किंवा सगळं बदलायला सांगेल. तीनच प्रश्न द्या : कलम बरोबर आहे का? हा कागद या टप्प्यावर असा येऊ शकतो का? निकालाला एवढा पुरावा पुरतो का? संवादांबद्दल त्याचं मत विचारू नका.

## टप्पा ९ : संहिता बंद

तारीख ठरवा आणि त्या दिवशी संहिता बंद करा. सगळ्या पानांना नवे आकडे, वर तारीख, आणि जुन्या प्रती परत घ्या. जुनी प्रत घरी राहिलेला एक नट हमखास असतो. तो पाठांतर तिच्यावरूनच करतो.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. मूळ नाटक पूर्वीच संमत आहे म्हणून तुमची बदललेली रंगावृत्ती आपोआप संमत होत नाही. जी संहिता दाखल केली तीच रंगमंचावर यायला हवी. म्हणून टप्पा ८ उरकल्याशिवाय दाखल करू नका, आणि दाखल केल्यावर ‘सुचलेलं’ नवं वाक्य कितीही भारी असलं तरी ते पुढच्या नाटकाच्या वहीत लिहा. स्पर्धेत उतरणार असाल तर या कामाला लागणारे दिवस आधीच वेळापत्रकात धरा, प्रवेशिकेच्या शेवटच्या आठवड्यात नाही.

प्रॉम्प्टरची प्रत वेगळी बनवा. तिच्यात लाल आणि हिरव्या रेघा तशाच उतरवून घ्या. नट इतर कुठलंही वाक्य चुकला तर प्रॉम्प्टरने जरा थांबावं, तो सावरून घेईल. हिरवी रेघ गळली तर मात्र लगेच वाक्य द्यावं, आणि तरीही ते आलं नाही तर विंगेतल्या शिपायाला खूण करावी. आमचा शिपाई आता एक राखीव वाक्य पाठ करून येतो. पुकारा करताना गिरणीवाल्याकडे बघून तो म्हणतो, ‘चला, दळण टाकून आलात म्हणे, चला लवकर.’